उसन्या डीप फ्रीजरची तपासणी

मदत मागणाऱ्याने आपली उणीव दाखवावी, हा साधा न्याय आहे. परंतु चारचौघांत आपण उणे दिसू नये, ही इच्छाही माणसाला तितकीच स्वाभाविक आहे. या दोन प्रेरणा एकाच उंबरठ्यावर समोरासमोर आल्या की भल्याभल्यांची त्रेधा उडते. जिल्ह्याच्या आरोग्याधिकाऱ्यांची ती उडाली, यात म्हणूनच नवल नाही.

साथ दाराशी येण्यापूर्वीच सिद्धता असावी, या हेतूने एका आंतरराष्ट्रीय निधीने जोखमीच्या देशांतून अर्ज मागवले होते. साहेबांनी मागितला होता एक डीप फ्रीजर. गेल्या वर्षी एका दूरच्या वस्तीतल्या तापाचे नमुने राजधानीची गाडी येईपर्यंत प्रयोगशाळेतच नासले. तापाचे नाव कळायला तीन आठवडे लागले आणि तेवढ्यात अकरा माणसे गेली. तो आकडा साहेब कोणापुढे उच्चारत नसत, विसरतही नसत.

निधीच्या परीक्षक बाई पाहणीला येणार असे कळले आणि कचेरी रीतीप्रमाणे कामाला लागली. कोणी मोठे येणार म्हटले की शेजारून वस्तू आणून खोल्या सजवायच्या, ही तिथली वहिवाटच होती. शाळेतून खुर्च्या आल्या, चित्रपटगृहातून जनरेटर आला आणि उत्साहाच्या भरात जनावरांच्या दवाखान्यातून चक्क एक डीप फ्रीजरही आला. साहेबांनी तो स्वहस्ते पुसला.

पाहणीच्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी हा पराक्रम थोरल्या बहिणीला सांगितला. ताई निवृत्त परिचारिका; भावाकडेच राहत. त्यांनी कप खाली ठेवला.

"ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिले. तू तर शेजारणीचं भरलेलं भांडं डोक्यावर घेऊन निघालास."

"ताई, कचेरीची काही अब्रू असते."

"असू दे की. तीही त्या फ्रीजरमध्येच ठेव, म्हणजे नासायची नाही."

परीक्षक बाई अंगाने लहानखुऱ्या, बोलायला मृदू. पण प्रत्येक दार उघडून पाहणाऱ्या. फ्रीजरचे झाकण उचलून त्यांनी तापमान वाचले, प्रसन्नपणे मान हलवली आणि म्हणाल्या, की हा तर उत्तम आहे. तेव्हा ही मागणी रद्द करून तुम्ही मागितलेला फ्रीजर शेजारच्या जिल्ह्याला देता येईल. त्यांनी पेनचे टोपण काढले. मुख्य लिपिक छताकडे पाहू लागले. साहेबांनी अर्जावर हात ठेवला.

"बाई, रेघ मारू नका," ते म्हणाले. "हा आमचा नाही. जनावरांच्या दवाखान्याचा आहे. संध्याकाळी परत न्यायचाय."

एकदा बांध फुटला म्हटल्यावर मग खुर्च्या, जनरेटर, भिंतीवरचे घड्याळ, सारे एकामागून एक ज्याच्या त्याच्या मालकीचे निघाले. आणि सर्वांच्या शेवटी, वर्षभर ओठांआड राहिलेला तो अकराचा आकडाही बाहेर आला.

बाईंनी खोलीतल्या वस्तूंवरून एकदा नजर फिरवली. मग त्यांनी विचारले, की एवढे सगळे गोळा करायला किती दिवस लागले? लिपिक म्हणाले, दिवस कसले, निरोप धाडला आणि दुपारपर्यंत सामान हजर.

"साथ आली तर हेच लोक पुन्हा देतील?"

"देतील," साहेब म्हणाले. "पण तेव्हा जनावरांच्या लशी कुठे ठेवायच्या?"

बाईंनी वहीत लिहिले. "तुम्ही दिखावा केलात, हे मी अहवालात लिहिणार. आणि तुमच्या हाकेला कोण कोण धावून येतं, ती यादी तुम्ही अर्जाला जोडा. तीच लिहायला विसरलात. यंत्र आम्ही देऊ शकतो, शेजारी देता येत नाहीत."

"लिहा, बाई," साहेब म्हणाले. आणि कित्येक महिन्यांनी त्यांचे खांदे सैल झाले.

चौथ्या महिन्यात फ्रीजर आला. मागितला होता त्याहून आकाराने लहान, आणि सोबत दिखाव्याबद्दल समज देणारे पत्र. साहेबांनी दोन्ही सारख्याच आदराने उतरवून घेतले. ताईंनी पत्र वाचले आणि चष्मा काढला. भावाच्या पाठीवरून फक्त एकदा हात फिरवला.

त्या फ्रीजरवर पुष्कळ काळ रिकामे राहण्याचीच वेळ येवो. दूरच्या वस्तीतली मुले निरोगी असोत. आणि मागणारे, देणारे, उसने देणारे, सर्वांचे कल्याण होवो.