न खपणारं नाव

नावांमधलं मला जितकं कळतं तितकं आमच्या अख्ख्या बाजारात कुणाला कळत नाही. ही बढाई नाही, धंदा आहे. आमचं दुकान नावांचं आहे. दारातच गोल फिरणारा उंच स्टँड, त्यावर नावं छापलेले चहाचे मग. पुढच्या बाजूला ठसठशीत नाव आणि मागे बारीक अक्षरात तीन ओळी: नाव मूळचं कुठलं, अर्थ काय आणि मुलगा कसा निघेल. ही तिसरी ओळ आम्ही मनाने ठोकून देतो. आजवर कुणी तक्रार केलेली नाही, कारण आम्ही सगळ्यांनाच गुणी ठरवतो.

मागच्या खोलीत माझा मोठा भाऊ मगाला कागद गुंडाळून गरम प्रेसमध्ये घालतो. तो फारसा बोलत नाही. समोर ठेवाल ते छापतो. वहिनी त्या तीन ओळी लिहिते, स्टँड लावते, गिऱ्हाइकाला मग गुंडाळून देते. मी गल्ल्यावर बसते आणि दोघांना काय करायचं ते सांगते. वहिनी मला मॅनेजर म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा टोमणा होता, आता सवय झाली आहे.

दुकानात नावांच्या दोनच जाती: चालणारी आणि बसणारी. नोआ चालतं. ते हिब्रू आहे, अर्थ विसावा, आणि स्टँडवर लावायचा अवकाश की उचललं जातं. बसणारं नाव मी सवलतीच्या टोपलीत टाकते आणि पुन्हा छापू देत नाही. याला कुणी निर्दयपणा म्हणेल. पण लहान मुलं दुकानात शिरली की काय करतात ते मी रोज बघते. आधी स्टँड फिरवतात. नाव सापडलं तर पोर मग छातीशी धरून ठेवतं, सोडायला तयार नसतं. नाही सापडलं तर पुन्हा फिरवतं, मग उलटं फिरवतं, मग आईच्या तोंडाकडे बघतं. तो चेहरा मला बघवत नाही. माझंही नाव मला लहानपणी कुठल्याच स्टँडवर मिळालं नाही. शेवटी दुकानच काढलं.

तर आमच्या वहिनीला सेहेचाळिसाव्या वर्षी दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा वहिनी हसत सुटली. इतकी हसली की बाहेरचे पेशंट दारातून डोकावले, आणि दादाला वाटलं काहीतरी वाईट बातमी आहे. मग लोकांची पाळी आली. औषधवाला म्हणाला, "काय आजीबाई, सुनेसाठी गोळ्या का?" वरच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यात तोंडाला पदर लावून उभी राहायची. वहिनी सगळ्यांना हसून उत्तर द्यायची. माझंच डोकं तापायचं. औषधवाल्याशी तर मी भांडून आले आणि डोकेदुखीची गोळी घ्यायची विसरले.

मुलगा झाला. जन्माला आला तोच कपाळाला आठी घालून. दादाने त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "मॅनेजरवर गेलाय."

शुक्रवारी नोंदणी कचेरीत नाव सांगायचं होतं. आठवडाभर आधी जेवताना मी विषय काढला, तर वहिनी भात कालवता कालवता म्हणाली, "ठरलंय. इसहाक."

माझा घास हातातच राहिला. "इसहाक? अगं, बसणारं नाव आहे ते. किती वर्षांपूर्वी छापलं होतं, आठवतं का? एकसुद्धा गेला नाही."

"हिब्रू आहे," वहिनी म्हणाली. "तो हसेल, असा अर्थ. जुनी गोष्ट आहे. एका म्हातारीला सांगितलं की तुला मुलगा होणार, तर ती तंबूच्या दाराआड उभी राहून हसली. खरंच झाला तेव्हा हेच नाव ठेवलं."

"हिब्रूच पाहिजे तर नोआ ठेव. विसावा. घरात सध्या त्याचीच टंचाई आहे."

"एका वर्गात चार नोआ असतात. बाईंनी हाक मारली की चौघं उठतात."

"उठू देत की! निदान चौघांना मग मिळतात. तुझा मुलगा येईल, स्टँड फिरवेल आणि रडत घरी जाईल."

"त्याच्या बापाचंच दुकान आहे," वहिनी म्हणाली.

मी आवाज चढवला. दादाने ताट उचललं आणि प्रेसच्या खोलीत जाऊन जेवला.

वहिनीच्या भल्यासाठीच करतोय असं एकदा मनाने घेतलं की माणूस काय वाटेल ते करतो. मी बाळाचा फोटो काढला, खाली मोठ्या अक्षरात 'नोआ' घातलं आणि दादासमोर ठेवलं. नातेवाइकांना वाटायला म्हटलं. घरोघरी मग पोचले की वहिनी काय करणार होती? दादाने माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं आणि प्रेस गरम करायला लावली. फोटोत बाळाच्या कपाळावरची आठी फारच छान आली होती.

नोंदणीच्या आदल्या दिवशी मी ते मग पुसत बसले होते. वहिनी वर बाळाजवळ होती. तेवढ्यात खाकी गणवेशातल्या एक बाई आल्या, बस चालवणाऱ्या. त्यांनी हात कमरेवर ठेवून विचारलं, "इसहाक आला का?"

मला वाटलं वहिनीनेच शिकवून पाठवलं. म्हटलं, "ते नाव आम्ही ठेवत नाही. कुणी मागत नाही."

"मी मागतेय की. तिसऱ्यांदा येतेय. तुमच्याकडच्या त्या दुसऱ्या बाई दरवेळी सांगतात, आत्ताच संपला. गेल्या खेपेला नातवाला घेऊन आले होते. त्याने तुमचा स्टँड खिळखिळा होईपर्यंत फिरवला आणि घरापर्यंत रडत आला. आमच्या गल्लीत तिघं इसहाक आहेत, बाई. खूप चालणारं नाव आहे."

खूप चालणारं नाव! हे मला, माझ्या दुकानात, माझ्या गल्ल्यासमोर उभं राहून सांगत होत्या. मी त्यांना उद्या यायला सांगितलं. उद्या काय देणार होते, ते मलाही माहीत नव्हतं.

त्या गेल्या आणि मी मग भरायला खोकं शोधू लागले. पॅकिंगच्या टेबलाखाली अगदी मागे एक जुनं खोकं होतं, वर वहिनीच्या अक्षरात 'फुटके'. म्हटलं फुटके काढून टाकू, खोकं वापरू. उघडलं तर एकही फुटका नव्हता. जुन्या ओढणीचे तुकडे करून प्रत्येक मग वेगळा गुंडाळलेला होता. मी एक सोडला, दुसरा सोडला, सगळे सोडले. सगळे इसहाक.

मी तशीच एक मग हातात घेऊन जिना चढले. वहिनी बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत होती. तिने मग बघितला आणि थोपटणं थांबलं.

"फुटके?" मी म्हटलं.

"आरडू नकोस. आत्ताच डोळा लागलाय."

"इतकी वर्षं मी छातीठोकपणे सांगतेय की हे नाव बसतं!"

"सकाळी तू लावायला सांगायचीस, मी लावायचे," वहिनी म्हणाली. "तू गल्ल्याशी वळलीस की काढून ठेवायचे. कुणी मागितलं की सांगायचे, संपला. शेवटी तू टोपलीत टाक म्हणालीस, तेव्हा सांगितलं, सगळे फुटले."

"पण का?"

ती खाली बसली. "त्या तीन ओळी मी लिहिल्या त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुम्हाला मूल होणार नाही. तो हसेल, असं लिहिलं आणि वाटलं, कोण? कुणाचा? मग वाटलं, हा आपला असू दे. नसलेल्या मुलाचं निदान नाव तरी असावं. ते दुसऱ्या कुणाला देववेना मला. वेडेपणाच होता. तुला सांगितलं असतं तर तू टोपलीत टाकले असतेस."

टाकले असते. तेही मूठभर पैशांत. मला रडू आलं आणि त्याचबरोबर रागही आला, कारण एका बाईच्या दुःखावर मी माझं सगळं ज्ञान उभं केलं होतं आणि शेजारच्या दुकानांना फुकट सल्लेही दिले होते.

"लोक तुला हसले," मी म्हटलं. "जन्मभर त्याच्या नावात तेच घेऊन फिरायचं का?"

"आधी मी हसले, मग लोक हसले," ती म्हणाली. "आता त्याची पाळी. त्याला कुणी हसणार नाही, मॅनेजर. तो हसेल."

मी नाक पुसलं आणि खाली गेले. दादा प्रेसजवळ उभा होता. मी म्हटलं, "इसहाक छाप. भरपूर." त्याने फळीवरचं फडकं काढलं. खाली कागदांचा गठ्ठा तयार होता.

"कधी काढलेस हे?"

"ती जेवताना म्हणाली तेव्हाच," तो म्हणाला.

शुक्रवारी कचेरीत नाव मीच सांगितलं. कारकुनाने अर्थ विचारला. म्हटलं, तो हसेल. कारकुनाने बाळाच्या आठीकडे बघून विचारलं, "कधी?" मी त्याला औषधवाल्याच्या रांगेत बसवलं, मनातल्या मनात.

फोटोवाले नोआ मग मात्र नातेवाइकांना देता येईनात. टोपलीत टाकले तर दोन दिवसांत गेले, शेवटी नोआच ते. आता गावात कितीतरी नोआ आमच्या इसहाकची आठी बघत सकाळचं दूध पितात.

त्या शुक्रवारी कचेरीतून परत आलो तर त्या बसवाल्या बाई दारात हजर, या वेळी नातवासकट. स्टँडच्या वरच्या रांगेत मी सगळे इसहाक लावले होते, ओढणीतलेसुद्धा. नातवाने स्टँड फिरवायला हात लावला आणि तिथेच थांबला. फिरवायची गरजच पडली नाही.

वहिनी बाळाला घेऊन पुढे झाली. तिचा मोकळा हात सवयीने स्टँडकडे गेला, त्या ओळखीच्या मगाला आड करायला.

"इसहाक आहे का?" बाईंनी विचारलं.

"संप..." वहिनीच्या तोंडून आलं आणि अडलं. तिने खांद्यावरच्या बाळाकडे बघितलं. मग वरचा ओढणीतला मग काढला आणि त्या मुलाच्या हातात दिला.

"आहे," ती म्हणाली.