बोऱ्यातल्या उड्या

पार्बताबाईचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. अंगणात टांगलेल्या बोऱ्यात, त्या पुरुषभर उंच पोत्यात, कापूस तुडवायला तिच्या धाकट्या भावानं, खुशालरावानं, मजूर लावले होते आणि आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, जमुनेला, ओसरीवरच्या गादीवर बसवून ठेवलं होतं. गेल्या सालापर्यंत हीच पोर बोऱ्यात उतरून धपाधप उड्या मारायची. पण अमरावतीच्या बाजारात कापसाचा भाव आभाळाला भिडला, आणि खुशालरावाच्या घरी श्रीमंती आली ती पोरीचे पाय बांधूनच.

"आता मोठ्या घरची पोर हाये थे, बाई," तो म्हणाला. "अकोल्याचे पाहुने सोयरिकीसाठी तिले पाहाले येऊन राहिले. वच्छलेनं माहेरी कधी पान्याचा गुंड कमरेवर घेतला नवता. मोठं घरानं असं असते!"

पार्बताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वच्छला म्हणजे त्याचीच बायको, अकोल्याच्या बड्या व्यापाऱ्याची लेक. सारं लहानपण गादीवर गेलं. दिवाळीत साध्या उंबरठ्याला अडखळली, तर मांडीचं हाड कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काडीसारखं कडकन मोडलं. चाळिशीही गाठली नव्हती बिचारीनं. तेव्हापासून आतल्या बाजेवर पडून होती, आणि हा शहाणा तिचाच दाखला देत होता!

"डोये फुटले का तुहे?" पार्बताबाई कडाडली. "मी साठीची. भरल्या बैलबंडीवरून पडली, लुगडं झटकून उठली. काहून? लहानपनी बोरे तुडवले म्हनून! पोरीचं हाड याच वयात घडते, खुशाल. मंग नाई घडत."

"तू रांडव बाई, माह्या घरी खाते. तुले घरान्याचं काय समजते?"

पार्बताबाईनं पदर कमरेला खोचला.

तेवढ्यात आतून हाक आली, "जमुना!" वच्छलेनं नवऱ्यासमोर जन्मात आवाज चढवला नव्हता. "ऊठ त्या गादीवरून. बोऱ्यात उतर."

"वच्छला, पाहुने येतीन आता..."

"येऊ द्या! माह्या बाजेपाशी आनून बसवा त्यायले. मोठ्या घरची पोर कशी असते, थे पाहू द्या!"

खुशालराव आतल्या दाराकडे वळला. पार्बताबाईनं मजुरांना बाजूला केलं आणि जमुनेला उचलून बोऱ्यात सोडलं. पोर आधी बिचकत हलली, मग उडी मारली.

"जोरानं, पोरी!" आतून वच्छला रडत ओरडत होती. "आनखी जोरानं!"