घोंघीची टोकं

लौटन थारू अंगणात घोंघ्यांची टोपली घेऊन बसला होता. धानाच्या बांधातल्या काळ्या गोगलगायी. एकेकीचं शेपटाकडचं टोक कोयत्यानं उडवायचं आणि जवसाच्या वाटणात शिजवायच्या. टोक उडवलं तरच तोंडाकडून ओढल्यावर मांस बाहेर येतं.

"कुणासाठी ही उठाठेव, भावजी?" सोनमतीनं कुंपणावरून विचारलं.

"बेपत्ता माणसांच्या आयोगाचे सायेब येत्यात, काठमांडूचे."

"आणि? मागल्या खेपेला कोंबडी हाणून गेली ती भुतं. दिलं काय?"

"ह्या खेपेला नाव लिवून घेत्यात म्हणं."

सोनमती थुंकली. "लिवतील! हात झडलेत त्यांचे."

लौटनची बायको फुलरिया. माओवाद्यांशी लढाई चालू होती त्या काळात, भाताची रोपं लावत असताना फौजेनं तिला चिखलातून ओढून नेलं. हाडूकसुद्धा परत आलं नाही. नेणारा कप्तान अख्ख्या गावानं पाहिला होता. त्याचं नाव सरकारी कागदावर चढावं, एवढंच लौटन मागत होता.

अर्धी टोपली झाली तोच जीप आली. तिघं उतरले. थोरला साहेब खाटेवर बसला आणि आधी बुटाचा चिखल पुसला.

"बोला बाबा. कोणी नेलं?"

"कप्तान दिग्विक्रम बस्नेत."

साहेबाचं पेन थांबलं. "नाव नको. अज्ञात व्यक्ती, असं घालू."

"अज्ञात? अवो, औंदा दशैंच्या सणाला जिल्ह्याच्या मांडवात हार घालून बसला व्हता त्यो. तुमीच त्याच्या शेजारी व्हता!"

"नाव घातलं की प्रकरण अडकतं, बाबा. बिननावाचं पुढं सरकतं."

"कुठवर?"

साहेबानं घड्याळ बघितलं. "जेवायला काय केलंय?"

लौटन उठला. कापलेल्या घोंघ्या त्यानं कुंपणावरून सोनमतीच्या पदरात ओतल्या. टोपलीत उरलेल्या, टोक न उडवलेल्या, तशाच हंडीत घातल्या.

जेवायला बसले. साहेबानं घोंघी तोंडाला लावली, ओढली. गाल आत गेले, डोळे बाहेर आले. दुसऱ्यानं ओढली, तिसऱ्यानं ओढली. अंगणभर नुसता सुर्र सुर्र आवाज. कुंपणापलीकडं सोनमती तोंडात पदर कोंबून हसत होती.

"अहो, काहीच येत नाही हो यातून!" साहेब वैतागला.

"ओढा की," लौटन म्हणाला. "मी बी तुमच्या दारात इतकी वर्सं तेच करतोय."

"पण निघत का नाही?"

"टोकं कापायचं काम फुलरियाचं व्हतं, सायेब. तिला आणा. मग निघतील."