तीस दिवसांतला अकरावा

"यातला मासा कोनं काढला?" संघपालने रिकाम्या टबात कोपरापर्यंत हात घालून पाहिला.

"म्या काढला," कौशल्याबाई स्टोअररूमच्या दारातून म्हणाल्या. डॉक्टर आल्हादच्या त्या मातोश्री. "काल आखजी होती. सणाच्या दिवशी लेकी माहेरी येतात, अन् हा जीव अंधारात एकटा? चांगल्या टाकीत सोडला त्याले. काचेले कुंकू बी लावलं."

"आई, त्याले तीस दिवस येगळं ठेवाचं होतं. आज अकरावा हाय."

"बाळंतीण बी बारा दिवसांत उठते रे!"

संघपाल वेटिंगमध्ये धावला. नवा पिवळा मासा आखजीला आलेल्या जावयासारखा टाकीभर फिरत होता आणि जुना निळा त्याला अंग घासून जागा दाखवत होता.

मोताळ्यातल्या दातांच्या दवाखान्यात समुद्र असावा, अशी कोणाचीही मागणी नव्हती. डॉक्टरांनी पुण्यात मित्राच्या दवाखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली, एवढंच निमित्त. तेव्हापासून, म्हणजे सात वर्षं, दात काढताना ट्रे धरणारा संघपाल फावल्या वेळात समुद्रही सांभाळत होता. मीठ कालवणं, पाणी मोजणं, उन्हाळ्यात टाकी गार ठेवणं. एकदा दिवसभर लाईट गेली, तर निळ्याला हवा मिळावी म्हणून त्याने सहा तास मगाने पाणी वरून ओतलं होतं. काचेवर बोट ठेवलं की निळा यायचा. संघपालच्या बोलावण्यावर लगेच येणारं त्या दवाखान्यात दुसरं कोणी नव्हतं.

"सर, पिवळा काढू द्या. आठव्या दिवशी त्याच्या अंगावर पांढरे ठिपके होते."

"आता आहेत का?"

"नाई."

"मग बरा झाला ना!"

"बरा नाई झाला, सर. थो रोग अंगावरून खाली पडते, तळाशी पोरं घालते अन् दहापट होऊन परत येते. आपला निळा मरन."

डॉक्टर हातमोजे चढवत हसले. "यूट्यूब कमी पाहत जा."

"तुमीच पेशंटले सांगता ना, दुखणं थांबलं तरी गोळ्या पुऱ्या घ्या?"

"ते माणसांचं, संघपाल."

"थे बी कोठी आयकतात?"

"हे बघ, पिवळा धरायचा तर आतले सगळे दगड काढावे लागतील. आज बाजार आहे, बाहेर पंधरा पेशंट. संध्याकाळी पाहू."

संध्याकाळी डॉक्टर जालन्याला लग्नाला गेले. जाताना बजावून गेले, मला विचारल्याशिवाय टाकीला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना वेळ नव्हता. तिसऱ्या दिवशी, "पिवळा मस्त आहे की रे!" पिवळा खरंच मस्त होता.

नवव्या दिवशी निळ्याच्या पंखांवर मीठ भुरभुरल्यासारखं दिसलं. आता मात्र परवानगी लगेच मिळाली. संघपालने दगड काढले, निळ्याला टबात घेतलं, औषध घातलं. तो टबाशेजारीच डबा खाऊ लागला. काठावर बोट ठेवलं, तर निळा नुसते कल्ले हलवायचा. टबातल्या चौथ्या दिवशी तेही थांबलं.

"ऊन फार आहे यंदा," डॉक्टर म्हणाले.

"नजर लागली," कौशल्याबाई म्हणाल्या. "सारं गाव त्याच्यासमोरच बसते."

 संघपाल दवाखान्यामागच्या कडुनिंबाखाली निळ्याला पुरून आला. दुपारी पेशंट येण्याआधी त्याने वेटिंगमधल्या सगळ्या खुर्च्या उलट फिरवल्या. टाकीकडे पाठ, भिंतीवरच्या जबड्याच्या चित्राकडे तोंड.

कवळीसाठी जनकाबाई पहिल्या आल्या. सहाव्या खेपेलाही कवळी बसली नव्हती, पण येणं आणि निळ्यासमोर बसणं त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं, मग संघपालकडे.  एक खुर्ची फरफटत टाकीकडे वळवली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

पिवळा दोनदा अगदी त्यांच्या नाकासमोरून गेला. दोन्ही वेळा जनकाबाईंनी मान तिरकी करून त्याच्या पलीकडे पाहिलं.