दोन रात्रींचं सामान

माझा मुलगा लोकांची घरं हलवतो. म्हणजे सामान बांधायचं, ट्रकमध्ये चढवायचं आणि नव्या घरी नेऊन उतरवायचं. धंदा चांगला चालतो, पण धंद्याच्या सवयी घरी आणू नयेत एवढी अक्कल काही त्याला आलेली नाही. मुलांना घेऊन तळ्याकाठी तंबूत राहायला जायचं, तेही दोनच रात्री, आणि या गृहस्थानं बाहेरच्या खोलीत खोक्यांची भिंत उभी केली. कढई कागदात, कंदील कागदात, चमचेसुद्धा कागदात. प्रत्येक खोक्यावर जाड पेनानं लिहिलेलं: स्वयंपाकघर, झोपायची खोली, न्हाणीघर. तंबूला कसलं आलंय न्हाणीघर, असं मी विचारलं, तर म्हणाला, हाताला सवय आहे हो, बाबा.

सूनबाई औषधांच्या दुकानात काम करते, तेव्हा तिची तऱ्हा वेगळी. डासांचं मलम, भाजल्यावरचं मलम, उलटीच्या गोळ्या, पट्ट्या, कापूस. तिची पिशवी बघून वाटावं, ही माणसं सहलीला नाही, लढाईला निघाली आहेत. मोठा नातू विजेरी चालते की नाही ते बघता बघता तिचे सेल संपवत होता. धाकटी नात, जिला आम्ही सगळे टिल्ली म्हणतो, ती मात्र भिंतीला टेकून नुसती बघत होती. एरवी तिच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. शाळेत जायला लागल्यापासून तर माझी बोलायची पाळीच येत नाही.

मी जाणार नव्हतो. मुलानं विचारलं नाही असं नाही. "बाबा, तुम्हाला काही जमिनीवर झोपणं जमायचं नाही ना?" असं विचारलं होतं. यावर माणसानं काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, छे, या गुडघ्यांना घेऊन कुठे येऊ, घरी मस्त पडून राहीन. तो बरं म्हणाला आणि लगेच दोरी गुंडाळायला लागला. इतक्या पटकन बरं म्हणायला नको होतं त्यानं. मला राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. पण मी जन्मभर बस चालवलेला माणूस आहे. मागे काहीही चाललेलं असो, तोंड सरळ ठेवून समोर बघायची सवय आहे.

निघायच्या दिवशी सकाळी माझा चष्मा सापडेना. मग शेकायची रबरी पिशवी गेली. मग चपला. कवळीची डबी कवळीसकट नाहीशी झाली, तेव्हा मात्र मी घर डोक्यावर घेतलं. दातांशिवाय ओरडलं की कुणी घाबरत नाही. नातू तर पोट धरून हसत सुटला. त्यामुळे सगळा राग सूनबाईवर निघाला. या घरात आता म्हाताऱ्याच्या वस्तूंनाही जागा नाही, असं आणि आणखी बरंच काही मी बोललो. ती बिचारी कपाटं धुंडाळत राहिली.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू वर आल्या. हातात टिल्लीची तीनचाकी सायकल, आणि डोळ्यांत पाणी. घर सोडून चालला आहात आणि आम्हाला एका शब्दानं सांगू नये, म्हणाल्या. पोरगी सकाळीच त्यांच्याकडे सायकल ठेवून आली होती. ट्रकमध्ये जागा पुरणार नाही, तुमच्या नातीला द्या, असं सांगून, शिलाई मशीनलासुद्धा टाटा करून आली होती.

आम्ही सगळे टिल्लीकडे बघत राहिलो. मग हळूहळू उजेड पडला. शाळेला सुट्टी असली की ती बापाबरोबर कामावर जाते. कपबशा कागदात गेल्या आणि खोक्यावर खोलीचं नाव आलं, की घरातली माणसं कुलूप लावून जातात आणि परत येत नाहीत, हे तिनं अनेकदा पाहिलेलं. तंबूत राहून घरी परत यायचं असतं, हे तिला सांगायची गरज कुणाला वाटलीच नव्हती.

मुलाला हसू आलं. अगं वेडाबाई, म्हणत तो तिला उचलायला गेला, तर ती स्वयंपाकघराच्या खोक्याला हातपाय पसरून चिकटली. काही केल्या सोडेना. शेवटी त्यानं तिला अलगद बाजूला केलं आणि वाकडीतिकडी लावलेली चिकटपट्टी काढली. आत कढई नव्हती. कढईच्या जागी माझ्या चपला होत्या, कागदात गुंडाळलेल्या, कोपरे बापासारखेच आत मुडपलेले. शेकायची पिशवी होती, चष्मा होता. कवळीच्या डबीला तर तिनं दुहेरी कागद लावला होता. कढई आणि तंबूच्या खुंट्या नंतर माझ्या खाटेखाली सापडल्या.

"हे कशाला भरलंस गं?" मुलानं विचारलं.

"आजोबांचं कुणी भरलंच नव्हतं," ती म्हणाली. "त्या दिवशी त्या लोकांची खुर्ची पण नव्हती भरली. ती तिकडे लागत नाही त्यांना, असं तू म्हणालास, पप्पा. ती जिन्यातच राहिली."

"मग?"

"आजोबा लागतात ना पण."

काकूंनी नाक पुसलं. मी खिडकीकडे वळलो आणि उगाच गल्ली बघत बसलो. मुलगा त्या उघड्या खोक्याशेजारी खाली बसला. तिची समजूत घालणं सोपं होतं. आपण परत येणार आहोत, आजोबा इथेच भेटतील, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं, आणि ते खरंही होतं. पण तो तिच्याशी बोललाच नाही.

"बाबा," तो मला म्हणाला, "मी तुम्हाला नीट विचारलंच नाही. चला ना आमच्याबरोबर."

मी गुडघ्यांचा पाढा वाचायला घेतला. तो म्हणाला, ट्रक आपलाच आहे, घडीची खाट टाकतो, तुमची गादी टाकतो, हवं तर तुमची ही खिडकीही काढून घेतो. सूनबाईनं आपल्या पिशवीत हात घालून तळातून एक नळी काढली. गुडघ्यांचं मलम. तुमचं मन बदललं तर असावं, म्हणून कालच घेऊन ठेवलं होतं, म्हणाली. मघाशी तिला बोललेलं सगळं मला आता टोचायला लागलं, आणि तसं मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं.

"येतो," मी म्हणालो. "पण आधी माझे दात द्या."

टिल्लीचा अजून पुरता विश्वास बसला नव्हता. मग मुलानं घराची किल्ली तिच्या गळ्यात अडकवली आणि सांगितलं की परत आल्यावर कुलूप तिनंच उघडायचं. तिनं किल्ली दोनदा हातात घेऊन पाहिली, सायकल दारामागे लावली आणि मगच चपला घातल्या. माझ्या गादीची वळकटी मात्र तिनं स्वतः उभं राहून बांधून घेतली. दोरी सैल आहे म्हणून बापाला दोन वेळा सोडायला लावली.

दुपारी सामान चढलं. मी ट्रकच्या पुढच्या सीटवर, टिल्ली माझ्या मांडीवर. घर रिकामं झालं की दार ओढून घेण्याआधी माझा मुलगा उंबऱ्यात उभा राहून मालकांना एक हाक देतो. त्याच्या धंद्यातली रीतच आहे ती. आज मालक आम्हीच, तरी त्यानं वरून हाक दिलीच: काही राहिलं का?

टिल्लीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं उत्तर दिलं.

"काही नाही राहिलं, पप्पा. आजोबा घेतलेत."

मग वर दार लागल्याचा आवाज आला.