राखून ठेवलेल्या फळ्या

ग्वेन्लियनने बापाला घोंगडीत गुंडाळून घोडागाडीत आडवं केलं. खाली ओकच्या फळ्या होत्या. म्हाताऱ्याने त्या स्वतःच्या शवपेटीसाठी तीस वर्षं जपलेल्या.

“मत दिल्यावर तिकडूनच पुरायला नेणारेस का?” हम्फ्रेने विचारलं.

“गप पडा, बाबा. पुढं खड्डे आहेत.”

हम्फ्रे प्रॉबर्टचं नेमकं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. चॅपेलच्या, म्हणजे गावातल्या प्रार्थनाघराच्या, जन्मनोंदवहीतलं त्याचं पान उंदरांनी खाल्लं होतं, आणि त्या उंदरांच्या पणतवंडांचेही दात आता पडले होते. शेताचा पट्टा तीन जिवांवर लिहिलेला, तिघांतला शेवटचा जगेल तोवरच. दोघे कधीच मातीत गेले, तिसरा हम्फ्रे. त्याचा श्वास थांबला की शेत जमीनदाराचं आणि ग्वेन्लियन रस्त्यावर.

जुना खासदार घशात बदकाचं हाड अडकून गेला, म्हणून ही पोटनिवडणूक. जमीनदाराचा भाचा कॅप्टन उभा होता. त्याच्यासमोर ट्रेहर्न, विणकराचा पोरगा. मत द्यायचं ते चारचौघांत, मोठ्याने नाव घेऊन.

मतदानाच्या मांडवाच्या तोंडाशीच जमीनदाराचा कारभारी हार्बॉटल उभा होता. तो गाडीवर वाकला.

“म्हातारबा, कॅप्टनचं नाव घ्या. पट्ट्यावर पोरीचा जीव चढवतो. हा बघा कागद, सही करूनच आणलाय.”

हम्फ्रेने मान वळवली. “गोठा तू झाडतेस, पोरी. तूच सांग.”

ग्वेन्लियनने कागद शेवटपर्यंत वाचला. समोरच्या टेकडीवर शेजाऱ्याचं घर होतं. मागच्या निवडणुकीत त्याने जमीनदाराला नको असलेलं नाव घेतलं, तेव्हापासून त्या धुराड्यातून धूर निघाला नव्हता. तिने कागदाची नीट घडी घालून तो हार्बॉटलच्या हातात ठेवला. मग बापाच्या गळ्याभोवतीचा मफलर सोडला.

“आता मोकळं बोला, बाबा.”

“ट्रेहर्न,” हम्फ्रे म्हणाला. तीन खोऱ्यांतली कुत्री भुंकायला लागली आणि मांडवातल्या कारकुनाची दौत लवंडली, असं सांगतात. कुत्र्यांचं तरी खरं आहे.

“महागात पडेल हे,” हार्बॉटल हळूच म्हणाला. “दिवस किती उरलेत तुमचे?”

“तुमच्यापेक्षा एक जास्त,” म्हातारा म्हणाला.

ट्रेहर्न चौदा मतांनी पडला.

घरी येताच ग्वेन्लियनने बापाला चुलीशी बसवलं, गाडीतल्या फळ्या ओढून काढल्या आणि त्या ठोकून डुकरांच्या खोपटाचं मोडकं दार दुरुस्त करायला घेतलं.

हम्फ्रे काठी टेकत दारात आला. “अगं, मग मला कशात घालशील?”

तिने ओठांत धरलेला खिळा काढला.

“तुम्हांला कुठं जायचंय? उद्या मेंढ्या कातरायच्यात. लवकर उठा.”