तांदळाच्या डब्यातली लेन्स

मी बोलतेय. कॅमेरा नव्हे हं, कॅमेऱ्याच्या तोंडावर बसते ती लेन्स. कॅमेऱ्यांची जातच बडबडी, हल्लीचे तर बटणाला बोट लागलं की पिकपिक करतात. आमचं काम नुसतं बघण्याचं. बघून बघून चाळीस वर्षं झाली, आता थोडं बोलले तर कुणाचं काही बिघडत नाही.

माझा जन्म लांबच्या एका थंड देशातला. सहा काचा, भोवती धातूचं नळकांडं आणि त्यावर दोन कडी. एक कडं फिरवलं की समोरचं माणूस स्पष्ट दिसतं, दुसरं फिरवलं की उजेड कमी-जास्त होतो. मोटर नाही, बॅटरी नाही, चिप नाही. अंगावर ५८ हा आकडा कोरलाय, पण ते लेन्सचं माप, माझं वय नव्हे. स्वतःचं वय असं अंगावर मिरवणाऱ्यातली मी नाही. माझी एक खोडही सांगून टाकते. माझ्यातून काढलेल्या फोटोत माणसाच्या मागची झाडंझुडपं गरगर फिरल्यासारखी दिसतात. पूर्वी याला दोष म्हणायचे. हल्लीची पोरं त्याच्यासाठीच जीव टाकतात.

बारामतीत मी आले ती इब्राहिमभाईंच्या हातात. एसटी स्टँडजवळ त्यांचा छोटा फोटो स्टुडिओ होता. रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि त्यातला एकही वाया घालवायचा नाही, असा भाईंचा खाक्या. समोरच्याला बसवायचे, माझं कडं इकडं सरकवायचे, तिकडं सरकवायचे, पुन्हा इकडं. तेवढ्यात नवरदेवाचं हसू वाळून जायचं आणि करवल्या जांभया द्यायला लागायच्या. फोटोसाठी आणलेलं तोंड गळून पडलं आणि माणसाचं नेहमीचं तोंड वर आलं, की भाई बटण दाबायचे. लोक त्यांच्यावर वैतागायचे आणि पुढच्या लग्नाला पुन्हा त्यांनाच बोलवायचे.

मग भाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांनी तो कुणाला सांगितला नाही. सोमेश्वरनगरच्या एका लग्नात तीन रोल काढले. धुऊन बघतात तर नवरीचे कान लख्ख आणि नाक धुकट. खापर माझ्यावर फोडता आलं असतं, मी काही बोलणार नव्हते. पण भाई म्हणाले, "लेन्स चांगली हाय. डोळा माझा गेला." पुढं ऑपरेशन झालं, दिसायलाही लागलं, पण स्वतःवरचा भरवसा काही परत आला नाही. मुलानं, अफजलनं, स्टुडिओत झेरॉक्सचं मशीन आणलं. भाई त्याच्या शेजारी बसून पासपोर्ट फोटोंचे कोपरे कापायला लागले. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

आता प्रश्न आला मला ठेवायचं कुठं. कपाटातल्या ओलीनं काचेला बुरशी धरते, एवढं भाईंच्या बायकोला, शबानाबींना, ऐकून माहीत होतं. त्यांनी मला फडक्यात बांधलं आणि तांदळाच्या डब्याच्या तळाशी ठेवलं. तांदूळ ओल ओढून घेतो, तेव्हा विचार अगदी बरोबर. पण त्याच तांदळाला पोरकिडे लागू नयेत म्हणून त्या हातानं बोरिक पावडर चोळायच्या, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. सतरा वर्षं मी त्या डब्यात काढली. किती ईद झाल्या, किती पाहुणे जेवून गेले, डबा रिकामा झाला आणि भरला, मी आपली तळाशी. पावडर फडक्यातून गळून माझ्या कड्याच्या फटीत जाऊन बसली. पोरकिडा मात्र एकही लागला नाही, हे मान्य करायला हवं.

मला बाहेर काढलं अल्फियानं. ही अफजलची मुलगी, लग्नांचे फोटो काढते. तिच्याकडं नव्या जातीचा डिजिटल कॅमेरा आहे. जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यांवर लावून लोक काय मजा करतात, ते तिनं मोबाईलवर पाहिलं होतं. आजोबांना ती दादा म्हणते आणि आजीला दादी.

"दादी, दादांची ती जुनी लेन्स कुठंय?"

"डब्यात हाय की," शबानाबी म्हणाल्या. "खाली हात घाल."

अल्फियानं मला पुसलं, दुकानात नेऊन मधे एक अडॅप्टरची चकती घातली आणि त्या कॅमेऱ्यावर बसवलं. पडद्यावर अक्षरं उमटली, 'लेन्स लावलेली नाही.' मी त्याच्या तोंडावर बसलेय, घट्ट, आणि हा कालचा कॅमेरा म्हणतो लेन्स नाही! आम्ही ज्याला बघतो तो आम्हाला विसरतो, याची सवय होती. पण ज्याच्यासाठी बघायचं त्यानंच ओळख दाखवू नये, हे जरा लागलं. त्याची चूक एवढीच की माझ्यात चिप नाही आणि चिपशिवाय त्याला नातं कळत नाही. अल्फियानं मेनूत शिरून लेन्सशिवाय फोटो काढायची परवानगी त्याला दिली, तेव्हा स्वारी वळणावर आली.

तिनं माझं कडं फिरवलं आणि करकर आवाज झाला. दुकानाच्या कोपऱ्यात बसलेल्या भाईंनी कात्री खाली ठेवली.

"काय घातलंय त्यात?"

"बोरिक पावडर," अल्फिया म्हणाली.

भाईंनी घराच्या दिशेनं एकदा पाहिलं. आधी म्हणाले, "ठिवून दे, आता कोण वापरतंय." मग पेपर पसरला, बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढले आणि दोन दिवस मला खोलून बसले. मळी काढली, नवं ग्रीस भरलं. बोटांना सगळं पाठ होतं. कडं पुन्हा लोण्यासारखं फिरायला लागलं, तेव्हा त्यांनी मला अल्फियाच्या हातात दिलं आणि परत कात्री उचलली.

त्याच आठवड्यात अल्फियाच्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा, उत्कर्षाचा, इंदापूरकडून फोन आला. तिच्या आजीला, प्रयागबाईंना, फोटो काढून हवा होता. साधासुधा नव्हे, भिंतीवरचा. म्हणजे पुढं हार घालायचा तो. आपल्याकडं म्हातारी माणसं असा फोटो वेळेवर काढून ठेवतात आणि घरचे लोक त्यावर अभद्र बोलू नको म्हणून रागावतात.

प्रयागबाईंना घाई होती त्याला कारण होतं. त्यांचे मालक सावळारामराव दोन वर्षांपूर्वी गेले. जन्मभर हसतमुख माणूस. पण घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता, म्हणून ओळखपत्रावरचाच मोठा करून लावला. त्यात ते चोरी करताना सापडल्यासारखे दिसतात. येणारा जाणारा आधी दचकतो आणि मग नमस्कार करतो.

"आजी म्हणते, इब्राहिमनंच काढायचा," उत्कर्षानं सांगितलं. "नवीन ट्रॅक्टर घेतला तेव्हा त्यांनी तिचा फोटो काढला होता. तसाच पाहिजे म्हणते, नाहीतर नकोच."

भाईंनी साफ नकार दिला. बाईचा जन्माचा शेवटचा फोटो आणि त्यात नाक धुकट आलं तर? पण नुसतं भेटायला चला म्हणून अल्फियानं त्यांना स्कुटीवर मागं बसवलं. मी पिशवीत, जेवणाच्या डब्याशेजारी. डब्यात भात होता, ते मला वासानं कळलं. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं, लासुर्ण्याला चहा घेऊन, आम्ही प्रयागबाईंच्या वस्तीवर पोचलो.

बाई तयारच होत्या. इस्त्रीचं नऊवारी, डोक्यावर पदर, अंगणात लिंबाच्या झाडाखाली खुर्ची. हात गुडघ्यांवर आणि चेहरा असा कडक की कोंबड्याही लांबून जात होत्या.

"आलास का. काढ," त्या म्हणाल्या.

"आक्का, माझा डोळा पयल्यासारखा न्हाय ऱ्हायला. नात काढंल. लई चांगलं काढती."

"मग मी उठती."

आणि त्या खरंच उठल्या. उत्कर्षा मधे पडली, कोणीतरी चहा आणला. तेवढ्यात अल्फियानं कॅमेरा आजोबांच्या हातात दिला आणि एक बटण दाबलं.

"दादा, नुसतं बघा तरी. जे स्पष्ट असेल त्याच्या कडेला लाल ठिपके दिसतील."

भाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला. त्यांचं बोट माझ्या कड्यावर आलं, आणि फोटोसाठी म्हणून सतरा वर्षांनी आलं. कडं जरा फिरलं. चहाच्या कपाच्या काठावर लाल ठिपके चमकले. अजून फिरलं, ते बाईंच्या बांगड्यांवर गेले.

"ह्या मुंग्या कसल्या?"

"त्या मुंग्या डोळ्यांच्या पापण्यांवर आल्या की झालं. बाकी सगळं तुमचंच."

प्रयागबाईंनी गालावरून हात फिरवला. "माझ्या तोंडावर मुंग्या हायती?"

बाई पुन्हा बसल्या, पुन्हा कडक झाल्या. भाईंनी मुंग्या पदरावर नेल्या, पदरावरून कानावर आणल्या, कानावरून पुढं सरकवल्या. मुंग्या नाकावर यायच्या आणि निसटून पाठीमागच्या लिंबावर जायच्या. त्यांचं बोट कड्यावर केसभर पुढं जायचं, केसभर मागं यायचं, आणि मला काही करता येत नव्हतं. आमच्यासारखीला नेमकं धरून ठेवणारा हात लागतो. पाच-सात मिनिटांनी भाईंनी कॅमेरा खाली घेतला.

"न्हाय जमत, आक्का. उगंच तुमाला बशिवलं."

प्रयागबाई म्हणाल्या, "टॅक्टरच्या येळंला किती वेळ लावला व्हतास, आठवतं का? आमचं हे म्हनालं, फोटू निघंपत्तुर हप्ता फिटंल."

भाईंना हसू आलं. "म्हनाले व्हते."

"मग आता बी लाव. मला कुठं जायाचंय? जायाचं हाय म्हनूनच तर बसलीया."

भाईंनी कॅमेरा परत उचलला. या खेपेला त्यांनी घाई केली नाही, आणि बाईंनाही सरळ बसायचा कंटाळा आला. त्या सावळारामरावांबद्दल सांगायला लागल्या. ट्रॅक्टर शिकताना त्यांनी तो पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांच्या कडब्याच्या गंजीत घातला होता आणि खाली उतरून म्हणाले होते, ब्रेक दाबला की हा पळतोय. सांगता सांगता पदर खांद्यावर आला. बाई हसायला लागल्या, पुढचे दोन दात नसलेलं, डोळे बारीक करणारं हसू. मुंग्या गालावरून चढल्या आणि पापण्यांवर येऊन बसल्या. भाईंचा श्वास थांबला. खट्.

मग त्यांचा अंगठा सवयीनं रोल पुढं सरकवायची पट्टी शोधायला लागला. ती या कॅमेऱ्याला नाही.

"अजून काढा की दादा," अल्फिया म्हणाली.

"कशाला? आला."

तिनं फोटो पडद्यावर मोठा केला. भाई म्हणाले, अजून कर. अजून कर. शेवटी नुसता डोळा उरला. पापण्या मोजता येत होत्या, आणि डोळ्याच्या बाहुलीत कॅमेरा धरलेला एक बारीक माणूस होता. भाई बराच वेळ बघत राहिले. मला आनंद झाला, आडपडदा कशाला ठेवू.

प्रयागबाईंनी कॅमेरा हातात धरून फोटो लांबून पाहिला. "ही कोन हासतीया. हिला हार घालायचा कुणाला धीर व्हायचा न्हाय," त्या म्हणाल्या. "उत्कर्षा, मोठा करून आन. मी मरायची वाट बघू नगा, आत्ताच लावा ह्यांच्या शेजारी. त्यास्नी जरा बरं वाटंल." मग भाईंकडं वळल्या. "आन् तुझा कुणी काढलाय?"

"माझा कशाला? आमच्यात भिताडावर लावत न्हाईत, आक्का."

"नगं लावू. मोबाईलात ठिव. पर कार्डावरचं तोंड मागं ठिवून जाऊ नगंस. बस हितं."

प्रयागबाईंपुढं कुणाचं चालत नाही. भाई खुर्चीत बसले आणि अल्फियानं मला त्यांच्याकडं वळवलं.

इब्राहिमभाईंचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. हसू नका. हा माणूस कायम माझ्या मागं होता, आणि लेन्सला मागं वळायची सोय नसते. काच पुसताना ते समोर यायचे खरे, पण तेव्हा मला कॅमेऱ्यावरून काढलेलं असायचं, आणि पाठीशी कॅमेरा नसला की आम्ही आंधळ्या. त्यांची बोटं मला ठाऊक होती, खोकला ठाऊक होता, श्वास ठाऊक होता. चेहरा नव्हता. पांढरी दाढी आहे. कपाळ मोठं आहे. डाव्या डोळ्याभोवती उजव्यापेक्षा दुप्पट सुरकुत्या आहेत, कारण जन्मभर तो डोळा मिटून दुसऱ्यानं ते माझ्यातून बघत आले.

आता माझं बरं चाललंय. मोरगावपासून भिगवणपर्यंतची म्हातारी माणसं भिंतीवरच्या फोटोसाठी भाईंना बोलावतात. काचेवर दोन ओरखडे आहेत, ते राहू द्या. तुमच्या घरी, माळ्यावर किंवा डब्यात, माझी कुणी बहीण असेल तर तिला बाहेर काढा आणि कडं सावकाश फिरवा. पावडर तेवढी लावू नका.

भाईंचा तो फोटो किंचित हललाय. अल्फिया म्हणते तिचा हात हलला. तिचा हात पक्का होता. हलले ती मी, पण तिला सांगणार नाही.